पंखावरचे दहिवर
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'हिवाळ्यातील विमानप्रवास आणि सुरक्षितता' असा विषय वाचून आपल्यापैकी दोघातिघांनी मला सकाळीच गाठले. एक बुजुर्ग गृहस्थ म्हणाले, "सर, आमची एस. टी. वेळेवर आली तरी आम्ही शुक्र मानतो, तुम्ही विमानाचे काय घेऊन बसलात?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. शिवाय मी काही विज्ञानाचा पदवीधर नव्हे, भूगोल शिकवणारा साधा बी. ए., बी. एड. शिक्षक. तरी हा विषय मी निवडला याला एक कारण घडले, ते आधी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री आपल्यातीलच एका पालकांचा मला फोन आला. त्यांची मुलगी कॅनडात टोरांटो येथे शिकते आणि सुटीत घरी यावयास निघाली होती. तिने वडिलांना कळविले की, आम्ही सर्व विमानात बसलो आहोत, दारे बंद झाली आहेत, पण विमान उडावयाचे सोडून एका बाजूला जाऊन उभे राहिले आहे, दोन्ही अंगांनी मोठ्या गाड्या आल्या आहेत आणि पंखांवर नारिंगी रंगाचे वाफाळलेले पाणी मारीत आहेत. पाठोपाठ खिडकीचे छायाचित्रही आले, त्यात काचेवरून तो नारिंगी ओघळ उतरताना दिसत होता. वडील बिचारे घाबरून गेले. "सर, विमानात काही बिघाड तर नाही ना? पोरीला खाली उतर म्हणून सांगू का?" असे ते मला विचारीत होते. मला तरी त्या वेळी काय ठाऊक असणार? वर्तमानपत्रात कधी काळी वाचलेले आठवून मी म्हणालो, "बर्फ धुवत असतील, काळजी करू नका." मुलगी दुसऱ्या दिवशी सुखरूप पोहोचली. परंतु त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की हा विषय जितका बर्फाचा आहे तितकाच माणसाच्या स्वभावाचा आहे, आणि म्हणून तो आपल्या घराघरांचाही आहे.

आपल्या आजोबांच्या काळी हजला जाणारी मंडळी मुंबईहून आगबोटीने जात. ती बोटीची वाट सन १९९५ मध्ये बंद झाली. आता प्रत्येक हाजी विमानाने जातो, आखातात नोकरीला जाणारा तरुण विमानाने जातो, आणि आता आपल्या मुलीही शिक्षणासाठी थंड देशांत जाऊ लागल्या आहेत. तेव्हा विमान ही आता परक्याची गोष्ट राहिलेली नाही.

खरे म्हणजे ती आपल्या तालुक्याला कधीच परकी नव्हती. विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की एक मोठे जेट विमान आपल्या जुन्नरच्या डोंगरात कोसळले होते. तारीख ७ जुलै १९६२, मध्यरात्र उलटून दहा मिनिटे झालेली. इटलीच्या अलिटालिया कंपनीचे डी. सी. ८ जातीचे विमान ऑस्ट्रेलियातील सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे करीत मुंबईस येत होते. पुढे ते रोमला जावयाचे होते. विमानात ९४ माणसे होती. दिवस पावसाळ्याचे, रात्र अंधारी आणि डोंगर ढगांत बुडालेला. वैमानिकाची समजूत झाली की आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत, म्हणून त्याने विमान खाली आणावयास सुरुवात केली. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि मध्ये सह्याद्रीची रांग होती. सुमारे ३,६०० फूट उंचीच्या एका डोंगराच्या माथ्याजवळ विमान आदळले. अहवालात त्या जागेचे नाव 'दवंड्याची टेकडी' असे इंग्रजी उच्चाराने उतरले आहे. ९४ पैकी एकही जीव वाचला नाही.

चौकशीत जे निष्पन्न झाले ते आपण नीट ऐकावे. विमान कोठे आहे हे ठरविताना चूक झाली आणि ते वेळेपूर्वी खाली आणले गेले, हे मुख्य कारण. त्याला जोड अशी की, आपण नेमके कोठे आहोत हे पडताळून पाहण्याची जी साधने हाताशी होती त्यांचा उपयोग केला गेला नाही. ज्या उंचीच्या खाली येऊ नये असे ठरलेले होते तिच्या खाली विमान आले. आणि वैमानिकाला या मार्गावरील डोंगराळ मुलखाची माहिती नव्हती. आपल्याकडचा गुराखी पोरगा त्या अंधारातही सांगू शकला असता की पुढे डोंगर आहे. पण तो विमानात नव्हता, आणि जे होते त्यांनी पडताळा घेतला नाही.

या अपघाताचा बर्फाशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण 'गृहीत धरणे' या गोष्टीशी संबंध आहे, आणि बर्फाच्या अपघातांतही नेमके तेच आढळते. म्हणून आपल्या डोंगरापासून सुरुवात केली.

आता बर्फाकडे वळू. मुलांनो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून आपल्या घराच्या पत्र्याच्या छपराला हात लावून पाहा. अंगणातली माती कोरडी असते, पण पत्रा मात्र ओलाचिंब, आणि पन्हाळीतून थेंब गळत असतात. पाऊस तर पडलेला नसतो! याचे कारण असे की निरभ्र रात्री धातूचा पातळ पत्रा आपली उष्णता आकाशाकडे भराभर टाकून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतो. मग हवेतील बाष्प त्याच्यावर येऊन बसते. आपल्याकडे त्याचे दव होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी तेच दव गोठते आणि सकाळी गवतावर पांढरा थर दिसतो. त्याला आपण दहिवर म्हणतो. द्राक्षबागाईतदार पालकांना हे निराळे सांगावयास नको. कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

विमानाचा पंख म्हणजे दुसरे काय? तोही धातूचा पत्राच, रात्रभर उघड्या आकाशाखाली उभा. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले तरी पंखाचा पृष्ठभाग शून्याखाली जाऊ शकतो आणि त्यावर दहिवर धरते. आणखी एक गंमत पाहा. विमानाचे इंधन पुष्कळसे पंखांच्या पोटातच साठविलेले असते. आठ-दहा तास फार उंचावरून, उणे पन्नास अंशांच्या आसपास असलेल्या हवेतून आलेले विमान जेव्हा खाली उतरते, तेव्हा ते उरलेले इंधन बर्फासारखे गार असते. अशा पंखावर साधा पाऊस पडला तरी त्याचा काचेसारखा पारदर्शक बर्फ होऊ शकतो, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. हात लावून पाहावे लागते.

एवढ्याशा बर्फाने एवढ्या मोठ्या विमानाचे काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. वजनाने फारसे बिघडत नाही हे खरेच. बिघडते ते खरखरीतपणाने. घरी एक प्रयोग करा. नळाची बारीक धार सोडा आणि चमच्याची फुगीर बाजू तिला अलगद टेकवा. पाणी सरळ खाली न पडता चमच्याच्या फुगीर पाठीला चिकटून वळते, आणि चमचा धारेकडे ओढला जातो. हवाही पंखाच्या गुळगुळीत पाठीवरून अशीच चिकटून, वळून खाली जाते आणि पंखाला वर उचलते. पाठ खरखरीत झाली की हवा वेळेपूर्वी सुटी होते आणि उचल कमी पडते. सुताराच्या मध्यम किंवा जाड पॉलिशपेपरइतका पातळ आणि खरखरीत बर्फाचा थर पंखाच्या पुढच्या कडेवर व पाठीवर असला, तर पंखाची उचलण्याची शक्ती ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रयोगांवरून सांगितले आहे. धावपट्टी संपत आली असताना तीस टक्के शक्ती गेली तर काय होईल, याची कल्पना आपणच करा.

म्हणून नियम असा आहे की पंख, शेपूट व इतर नाजूक भाग पूर्ण स्वच्छ असल्याखेरीज विमानाने उड्डाण करू नये. 'थोडासा बर्फ चालेल' हा शब्दच तेथे नाही. आता त्या मुलीने पाहिलेल्या गाड्यांचे काम सांगतो. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या गाडीला वर उचलणारा पाळणा असतो ना, तसाच पाळणा या गाडीला असतो. त्यातला माणूस ग्लायकॉल नावाचे द्रव्य आणि पाणी यांचे गरम मिश्रण जोराने मारतो. त्याला नारिंगी रंग दिलेला असतो, यासाठी की कोठे पडले आणि कोठे राहिले हे दिसावे. त्याने असलेला बर्फ निघतो. परंतु वरून हिम पडतच असेल तर पुन्हा थर धरणार. म्हणून काही वेळा दुसरे, दाटसर द्रव्य मारतात. ते बहुधा हिरवे असते. ते पंखाला चिकटून राहते, पडणारे हिम आपल्यात विरघळवून घेते, आणि विमान धावपट्टीवर वेगाने धावू लागले की वाऱ्याने आपोआप ओघळून जाते. टोरांटोच्या विमानतळावर याच कामासाठी एक स्वतंत्र मोठे आवार आहे. तेथे एकाच वेळी अनेक विमाने धुतली जातात आणि सांडलेले द्रव्य गोळा करून घेतात.

पण यातली खरी मेख पुढे आहे. या द्रव्याचा असर कायमचा नसतो. किती थंडी, किती हिम, ओले की कोरडे, यावरून तो किती मिनिटे टिकेल याचे तक्ते असतात. ती मिनिटे संपली की पूर्वी केलेल्या धुण्याची किंमत शून्य. मग पुन्हा डोळ्यांनी पाहावे लागते, पुन्हा धुवावे लागते. 'एकदा धुतले आहे' हे वाक्य येथे घातक ठरते. ते किती घातक ठरते याचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगण्याची आपली परवानगी घेतो.

तारीख १३ जानेवारी १९८२. ठिकाण अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. एअर फ्लोरिडा कंपनीचे बोइंग ७३७ विमान फ्लोरिडाकडे निघालेले. हिमवृष्टीमुळे विमानतळ काही वेळ बंदच होता. विमान धुतले गेले, पण त्यानंतर जागेवरून हलण्यात आणि इतर विमानांच्या रांगेत उभे राहण्यात ४९ मिनिटे गेली, आणि त्या सगळ्या वेळात वरून हिम पडत होते. पंखांवर हिम आहे हे दोघाही वैमानिकांना दिसत होते. त्यांच्या संभाषणात त्याचा उल्लेख आहे. परत जाऊन पुन्हा धुऊन घ्यावे तर रांगेतली जागा जाणार. मग त्यांनी एक युक्ती केली. पुढच्या विमानाच्या जवळ सरकून त्याच्या इंजिनाच्या गरम झोतात उभे राहिले, की बर्फ वितळेल. ही युक्ती उलटी पडली. वितळलेले पाणी पंखाच्या पुढच्या कडेवर जाऊन पुन्हा गोठले.

दुसरी चूक याहून साधी. इंजिनात बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडण्याचे एक बटण असते. उड्डाणापूर्वीची यादी वाचताना त्या बटणाचे नाव आले आणि उत्तर मिळाले, 'बंद'. हे वैमानिक उष्ण प्रदेशात उडणारे. तेथे रोजचे उत्तर हेच. तोंडाने सवयीने उत्तर दिले, मनाने ऐकलेच नाही. आपल्या वर्गात हजेरी घेताना मुले 'हजर' म्हणतात आणि मन मात्र बाहेर मैदानावर असते, तसेच हे. त्या बंद बटणामुळे इंजिनाचा जोर मोजणारी नळी बर्फाने बुजली आणि काटा खोटे सांगू लागला. जोर प्रत्यक्षात कमी होता, काटा पुरेसा आहे असे दाखवीत होता.

आणि आता जे सांगतो त्यासाठीच मी हा विषय घेतला. विमान धावपट्टीवर धावू लागले तेव्हा ते चालवीत होता सहवैमानिक, म्हणजे हुद्द्याने धाकटा. त्याला शंका आली की काटा जे दाखवितो आणि विमान जसे धावते आहे त्यांचा मेळ बसत नाही. त्याने ते बोलूनही दाखविले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मुख्य वैमानिकाने ते बरोबरच आहे असे सांगून विषय संपविला. धाकट्याने स्पष्टपणे 'थांबा' म्हटले नाही, आणि थोरल्याने त्याच्या शब्दाकडे लक्ष दिले नाही. विमान उडाले, पण वर चढलेच नाही. पोटोमॅक नदीवरील पुलावर आपटून गोठलेल्या नदीत पडले. विमानातील ७९ पैकी ७४ माणसे आणि पुलावर मोटारींत बसलेली चार माणसे, एकूण ७८ जीव गेले. नदीच्या पाण्यात एक प्रवासी हेलिकॉप्टरने सोडलेला दोर स्वतः न धरता दुसऱ्यांच्या हाती देत राहिला. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर परत आले तेव्हा तो बुडालेला होता. त्याची आठवण म्हणून त्या पुलाला त्याचे नाव देण्यात आले आहे.

हे वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांची सहल घेऊन भीमाशंकरकडे चाललो होतो. भाड्याची गाडी होती. घोडेगाव सोडल्यावर मागच्या बाकावरून सहावीतला एक मुलगा उठून आला आणि म्हणाला, "सर, मागच्या चाकातून टकटक आवाज येतोय." मी म्हणालो, "ड्रायव्हरकाकांना कळतं. जागेवर बस." डिंभ्याच्या पुढे तो पुन्हा आला. या खेपेस मी त्याला सर्वांदेखत रागावलो. पुढे चहासाठी गाडी थांबली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या चालकाचे सहज लक्ष गेले. मागच्या चाकाचे दोन नट पडून गेले होते आणि बाकीचे हाताने फिरत होते. पुढे घाट होता. अल्लाच्या मेहेरबानीने काही झाले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, ती चाकामुळे नव्हे. त्या मुलाने तिसऱ्यांदा तोंड उघडले नसते, यामुळे. आणि ते बंद केले होते मी.

असेच मुके राहण्याचे एक प्रकरण कॅनडात घडले. १० मार्च १९८९ रोजी ड्रायडन या लहान गावच्या विमानतळावरून एअर ओंटॅरिओ कंपनीचे फॉकर जातीचे विमान निघाले. हिम पडत होते. विमानाचे इंजिन चालू करून देणारे त्याचे स्वतःचे छोटे यंत्र बिघडलेले होते, आणि त्या विमानतळावर बाहेरून इंजिन चालू करण्याची सोय नव्हती. म्हणजे इंजिन एकदा बंद केले की विमान तेथेच अडकणार. आणि कंपनीचा दंडक असा की इंजिन चालू असताना पंख धुवावयाचे नाहीत. वैमानिक या पेचात सापडला आणि पंख न धुताच निघाला. ६९ पैकी २४ माणसे दगावली. पुढे न्यायमूर्तींच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा उघड झाले की पंखांवर साचलेले हिम हवाई सुंदरीने पाहिले होते. इतकेच नव्हे तर प्रवाशांत दोन वैमानिक, सुटीवर असलेले, बसले होते. त्यांनीही पाहिले होते. कोणीही पुढे जाऊन सांगितले नाही. तिला वाटले, वैमानिकांच्या कामात आपण कसे बोलावे. त्यांना वाटले, त्याला ठाऊकच असेल. आयोगाने सगळा दोष एकट्या वैमानिकाच्या माथी मारला नाही, हे विशेष. बिघडलेले यंत्र तसेच चालू देणाऱ्यांपासून देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यापर्यंत सर्वांची झडती घेतली.

दोष ठरविण्यात घाई झाली तर काय होते तेही ऐका. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी जर्मनीतील म्युनिक येथे मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला घेऊन जाणारे विमान उडताना कोसळले आणि २३ जण मरण पावले. पंखांवर बर्फ होता, तो कॅप्टनने काढून घेतला नाही, असा ठपका ठेवण्यात आला. पुरावा म्हणून एक छायाचित्र पुढे आले, त्यात पंख पांढरे दिसत होते. कॅप्टन दहा वर्षे झगडला. पुढे मूळ निगेटिव्ह तपासली तेव्हा ते पांढरे म्हणजे पंखावरचे प्रकाशाचे प्रतिबिंब निघाले. विमानाचा वेग मारला होता तो धावपट्टीवर साचलेल्या अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या राड्याने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील चौकशीने त्याला दोषमुक्त केले, पण तोवर त्याची नोकरी केव्हाच गेली होती. बर्फ असताना नाही म्हणणे जसे वाईट, तसे नसताना आहे म्हणणेही. दोन्हींवर उपाय एकच, जवळ जाऊन पाहणे.

या सर्व प्रकरणांनंतर नियम कडक झाले. २२ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर दोनदा धुतलेले विमान ३५ मिनिटे थांबून उडाले आणि कोसळले. ५१ पैकी २७ गेले. त्याच वर्षी अमेरिकेत असा नियम आला की द्रव्याची ठरलेली मिनिटे उलटली असतील तर उड्डाणाच्या आधीच्या पाच मिनिटांत पंख पुन्हा तपासलेच पाहिजेत. आणि दुसरे एक शिक्षण १९८० च्या सुमारास सुरू झाले होते, त्याचा प्रसार वाढला. त्याचे भारदस्त नाव 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट'. अर्थ इतकाच की धाकट्याने शंका स्पष्ट शब्दांत बोलावी आणि थोरल्याने ती ऐकून उत्तर द्यावे. वयाने, हुद्द्याने मोठ्या माणसांना हे वर्गात बसवून शिकवावे लागते! आपल्या घरांत अदब शिकविली जाते, ती शिकविलीच पाहिजे, मीही शिकवितो. पण अब्बांच्या मोटारसायकलचा ब्रेक सैल लागतो आहे हे मुलाने सांगितले तर ती बेअदबी नव्हे, एवढे पालकांनी मनाशी पक्के करावे. मुलींच्या बाबतीत तर आपण 'तुला काय कळतं' हे वाक्य जरा जास्तच सहज वापरतो, असे माझे निरीक्षण आहे. रागावू नये.

आता थोडे उपयोगाचे. ज्यांची मुले थंड देशांत आहेत त्यांनी हिवाळ्याची तिकिटे काढताना दोन विमानांच्या मध्ये भरपूर वेळ ठेवावा. पाऊण तासाच्या अंतराची स्वस्त तिकिटे मोहात पाडतात, पण पंख धुण्यातच तेवढा वेळ जाऊ शकतो, आणि मग पुढचे विमान चुकले म्हणून मूल रडकुंडीस येते. विमान बाजूला उभे राहिले, नारिंगी-हिरवे पाणी मारू लागले, इंजिनाचा आवाज बदलला, हवा यावयाची थोडा वेळ बंद झाली, तर घाबरू नये. बिघाड नसून दुरुस्ती चालली आहे असे समजावे, आणि घरून "अजून का निघाला नाहीत?" असे दर दहा मिनिटांनी विचारू नये.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणाला पंखाजवळची खिडकी मिळाली आणि विमान धावपट्टीकडे निघाले असताना पंखाच्या पाठीवर पांढरा थर दिसला, तर डोक्यावरचे बटण दाबून सेवकाला बोलवा आणि बोट दाखवून सांगा, 'आइस ऑन द विंग'. चार शब्द आहेत. व्याकरण चुकेल, लोक हसतील, अशी भीती बाळगू नका. कदाचित ते दाट द्रव्य असेल आणि तुम्हाला हसून तसे सांगतील. सांगू द्या. ड्रायडनच्या विमानात हे चार शब्द वैमानिकापर्यंत कोणी पोहोचविले नाहीत.

ज्यांना या क्षेत्रात काम करावयाचे आहे त्यांनी वैमानिक एवढाच एक धंदा आहे असे समजू नये. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा परवाना आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. आपल्या मुलांचा गणिताला पाठ दाखविण्याचा जो परिपाठ आहे तो त्यासाठी सोडावा लागेल. नववीच्या पालकांशी मी याबद्दल स्वतंत्रपणे बोलणार आहेच.

त्या मुलीच्या वडिलांनी परवा मला पुन्हा फोन केला. मुलगी सुटी संपवून परत निघाली आहे, आणि जाण्यापूर्वी तिने अब्बांना विचारले म्हणे की, मी खिडकीची जागा घेऊ की मधली? त्यांनी खिडकीची घ्यावयास सांगितले.

त्या सहावीतल्या मुलाचेही सांगून टाकतो. पुढच्या वर्षीच्या सहलीला गाडी सुटण्यापूर्वी मी त्याला बोलावले आणि दोघांनी मिळून चारही बाजूंनी गाडी पाहिली. नट सर्व जागेवर होते. उजवीकडचा मागचा दिवा मात्र लागत नव्हता. चालकाने कुरकुर करीत तो बदलला आणि आम्ही वीस मिनिटे उशिरा निघालो.

चमच्याचा प्रयोग पाहावयाचा असेल त्यांनी कार्यक्रमानंतर शाळेच्या मागच्या नळाजवळ यावे. सातवीच्या मुलांनी तेथे तयारी करून ठेवली आहे.